नवे विषाणू आणि आपली दावण

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील आमचे शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे दूरवर ठाऊक आहे. दर्शनासाठी परप्रांतांतून यात्रेकरू येथे येतात. गावाचा मुख्य व्यवहार मात्र शेतीचाच. सोयाबीन, तूर व हरभरा ही पिके आणि दावणीची गुरे यांवरच बहुतेक घरांची चूल पेटते. अशा गावातील शेतकऱ्यास ‘नवे विषाणू’ हा विषय प्रयोगशाळेतील पंडितांचा वाटावा, हे साहजिक आहे. कोठे तरी चीन देशात, कोठे आफ्रिकेत रोग निघतो, वर्तमानपत्रात त्याची बातमी येते, आणि आपण पान उलटतो.

परंतु गेल्या काही वर्षांत जे प्रत्यक्ष पाहिले व जे वाचनात आले, त्यावरून प्रस्तुत लेखकाची अशी खात्री झाली आहे की, या विषयाचा आरंभ आपल्या गोठ्यातूनच होतो. नव्या रोगाचे पहिले दर्शन डॉक्टरास किंवा शास्त्रज्ञास क्वचितच घडते. ते घडते पहाटे वैरण टाकावयास गेलेल्या शेतकऱ्यास. त्या वेळी तो काय करतो, बोलतो की गप्प राहतो, यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. हेच शेतकरी बंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषाणू म्हणजे काय व तो ‘नवा’ कसा?

जनावरांचे सर्व साथीचे रोग एका जातीचे नसतात. घटसर्प व फऱ्या हे रोग जिवाणूंपासून होतात. त्यांवर वेळीच योग्य औषध मिळाल्यास गुण येतो. लाळ्या-खुरकूत, लंपी आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज हे मात्र विषाणूंचे रोग होत. जिवाणू कितीही सूक्ष्म असला तरी स्वतःचे अन्न स्वतः पचवितो व स्वतः वाढतो. विषाणूस ते सामर्थ्य नाही. बांडगूळ आंब्याच्या रसावर जगते हे आपण पाहतोच. पण बांडगुळास स्वतःची हिरवी पाने तरी असतात. विषाणूपाशी तेवढेही नसते. दुसऱ्याच्या शरीरातील पेशीत शिरावे, तिच्याकडूनच आपल्या सहस्रावधी प्रती करवून घ्याव्या व ती पेशी मोडून बाहेर पडावे, हाच त्याचा संसार. यास्तव जिवाणूंवरील औषधे विषाणूवर चालत नाहीत. लस, स्वच्छता आणि रोगी जनावर वेगळे ठेवणे हेच त्याविरुद्धचे मुख्य उपाय ठरतात.

प्रती करताना चुका होतात. कित्येक विषाणूंच्या ठायी या चुका फार त्वरेने होतात आणि बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. परंतु लाखांत एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे पूर्वी न उघडणारे दार त्यास उघडते. काल पक्ष्यात राहणारा विषाणू मग आज गाईच्या किंवा मनुष्याच्या देहात शिरू शकतो.

‘नवा विषाणू’ म्हणताना तो काल निर्माण झाला, असे मात्र समजू नये. नवेपणाचे तीन प्रकार आहेत. पहिला, पूर्वीपासून असलेला पण नव्याने ओळखला गेलेला. दुसरा, एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नव्याने आलेला. तिसरा, एका जातीच्या प्राण्यातून दुसऱ्या जातीत नव्याने शिरलेला. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे शोधण्यास विदर्भाबाहेर जावयास नको, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिले उदाहरण : नागपूरचा चांदीपुरा

सन १९६५ च्या उन्हाळ्यात नागपुरात तापाची मोठी साथ चालू होती. तिच्या तपासासाठी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ आले. हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले असून १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. साथ डेंगी व चिकुनगुन्या यांची होती. परंतु दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंहून निराळा, तोपर्यंत कोणास माहीत नसलेला विषाणू आढळला. ज्या भागातील ते रुग्ण होते त्या चांदीपुऱ्याचे नाव त्यास देण्यात आले. रेबीजचा विषाणू ज्या कुळातील, त्याच कुळातील हा आहे.

सुमारे अडतीस वर्षे या विषाणूकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. किरकोळ ताप आणणारा एक विषाणू, एवढीच त्याची नोंद होती. नंतर २००३ च्या जून ते ऑगस्ट या काळात आंध्र प्रदेशात लहान मुले ताप, झटके व बेशुद्धी येऊन एकामागून एक दगावू लागली. ३२९ मुलांपैकी १८३ मुले मरण पावली. पुण्याच्या संस्थेने शोध केला तो कारण निघाले हेच चांदीपुरा. २००७ साली नागपूर विभागात ७८ मुलांस मेंदूज्वर झाला व त्यांतील शेकडा ४३ हून अधिक दगावली. तेथेही हाच विषाणू सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उठला. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा असल्याचे तपासणीने ठरले. वीस वर्षांतील ही सर्वांत मोठी साथ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे.

याचा आपल्या गोठ्याशी संबंध असा. हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. डासाहून पुष्कळ लहान, अंगावर बारीक लव असलेली ही माशी उंच उडत नाही. थोड्या थोड्या अंतराने उड्या घेत जाते. मातीच्या भिंतींतील भेगा, ओलसर काळोखी कोपरे, शेणामातीने भिजलेली गोठ्याची जमीन ही तिची वाढण्याची ठिकाणे. घराला लागूनच गोठा, गोठ्याच्या भिंतीला भेगा आणि त्या भिंतीशी टाकलेल्या अंथरुणावर लहान मूल, ही मांडणी आपल्या खेड्यांत नवी नाही. या रोगावर अद्याप खास औषध अगर लस नाही. मुलाचा ताप एकाएकी चढून झटके येऊ लागले अथवा शुद्ध हरपू लागली, तर एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. अशा वेळी अंगारा-धुपारा करीत रात्र घालविणे म्हणजे मूल गमावणे होय. तत्काळ मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. आणि त्याहून स्वस्त उपाय आधीच करता येतो. पावसाळ्यापूर्वी भिंतींच्या भेगा बुजवाव्या, गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी, उकिरडा घरापासून दूर न्यावा व मुलांस मच्छरदाणीत निजवावे.

दुसरे उदाहरण : लंपी आणि एक कबुली

लंपी चर्मरोगाची प्रथम नोंद १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात झाली. अनेक दशके तो त्या खंडातच राहिला. पुढे पश्चिम आशियातून सरकत सरकत २०१९ च्या ऑगस्टात तो ओडिशात प्रकटला. महाराष्ट्रात २०२० साली गडचिरोलीकडे तो दिसला. परंतु त्याचे खरे उग्र रूप आपण पाहिले ते २०२२ साली. त्या वर्षी ४ ऑगस्ट रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या चिनावल येथे त्याची नोंद झाली आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. सप्टेंबरात गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीस मनाई झाली.

त्या भाद्रपदातील आमच्या घरची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एके सकाळी आमच्या जोडीपैकी डाव्या बैलाने वैरणीस तोंड लावले नाही. अंग तापले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. दुसऱ्या दिवशी मानेवर व पाठीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. रोग कोणता, हे कळण्यास पंडित व्हावे लागत नव्हते. रोज वर्तमानपत्रात छायाचित्रे येत होती. तरीही आम्ही चार दिवस कोणास काही बोललो नाही. लोक हौदावर पाणी पाजू देणार नाहीत, बैलाची किंमत मातीमोल होईल, पुढे हरभऱ्याच्या पेरणीस जोडी मिळणार नाही, असे विचार मनात होते. ‘उष्णता झाली असेल’ असे दुसऱ्यांस सांगितले व स्वतःसही समजाविले. हळदीचा लेप लावला आणि बैल नेहमीच्या दावणीलाच ठेवला.

पाचव्या दिवशी मागच्या पायास सूज आली तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी दिली. उपचार झाले, बैल महिन्याभराने उभा राहिला. त्याच्या कातड्यावरील खुणा मात्र कायमच्या राहिल्या. परंतु सुमारे दहा दिवसांनी शेजाऱ्याच्या एका वासरास तशाच गाठी आल्या व ते वासरू गेले. रोग आमच्याच गोठ्यातून गेला असे सिद्ध करता येत नाही; नाही गेला असे म्हणण्याचे धैर्यही होत नाही. शेजारी एका शब्दाने बोलला नाही. त्याचे न बोलणेच अधिक लागले.

या रोगाचा प्रसार कसा होतो हे त्या वेळी नीट ठाऊक असते, तर कदाचित आम्ही असे वागलो नसतो. गोठ्यातील चावणारी माशी, डास आणि गोचीड हे त्याचे वाहक. रोगी जनावराच्या गाठीवर बसलेली माशी पुढच्या दावणीच्या जनावरास जाऊन चावते. तिला दोन गोठ्यांमधील बांधाचा अडसर कोठला? जनावराची ने-आण झाली की तोच रोग एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. संकरित गाई व लहान वासरे यांस तो अधिक जाचतो. मनुष्यास मात्र तो होत नाही. दुधाविषयी त्या वेळी ज्या अफवा उठल्या त्यांस आधार नव्हता. दूध उकळून घेतले म्हणजे काळजीचे कारण उरत नाही.

लंपीचा विषाणू शेळी-मेंढीच्या देवीच्या विषाणूचा निकटचा भाऊबंद आहे. त्यामुळे शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस देऊन रोगास आळा घालता आला. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात गाईबैलांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. एवढ्या पसाऱ्यास विनामूल्य लस टोचण्याचे काम पशुसंवर्धन खात्याच्या मंडळींनी गावोगाव फिरून केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. हिसार व इज्जतनगर येथील केंद्रीय संस्थांनी याच रोगाची स्वदेशी लस सिद्ध करून १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केली आणि त्या वर्षअखेर तिच्या उत्पादनाचे हक्क पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेस मिळाले. परंतु लस टोचल्यापासून अंगात पूर्ण प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. सबब, शेजारी रोग आल्यावर लसीसाठी धावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

तिसरे उदाहरण : कोंबडीपासून वाघापर्यंत

पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा, ज्यास सर्वत्र बर्ड फ्लू म्हणतात, त्याची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. त्यातील एच५एन१ नावाची सध्याची घातक जात १९९६ साली चीनमधील हंसांत आढळली. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांस तिची बाधा होऊन ६ दगावली. भारतात तिचा पहिला उद्भव महाराष्ट्रातच झाला. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालनाचा धंदा तिने एका हंगामात बसविला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मेल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत तर हा रोग आमच्या वाशिम जिल्ह्यातच, कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे आला आणि एका कुक्कुटपालकाचे सहा हजारांहून अधिक पक्षी काही दिवसांत गेले.

परंतु याहून मोठी सूचना नागपूरहून मिळाली. २०२४ च्या डिसेंबरअखेर तेथील गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले. त्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आले, एच५एन१. थोड्याच दिवसांनी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडले; त्यांतही बर्ड फ्लूच निघाला. तिकडे अमेरिकेत २०२४ च्या मार्चमध्ये हाच विषाणू दुभत्या गाईंत आढळला. आजारी गाईंच्या दुधात तो विपुल होता. कच्चे दूध प्यालेली मांजरे मेली आणि गोठ्यात काम करणाऱ्या काही मजुरांचे डोळे आले. दूध तापविल्यावर मात्र विषाणू नष्ट होतो. धारोष्ण दुधाची थोरवी गाणाऱ्या आपल्या लोकांनी एवढी गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

पक्षी, वाघ, मांजर, गाय आणि मनुष्य, इतक्या निरनिराळ्या देहांत एकच विषाणू कसा शिरतो? इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा वारसा आठ तुकड्यांत विभागलेला असतो. एकाच जनावरास दोन निराळ्या जातींच्या इन्फ्लुएन्झाची बाधा एकाच वेळी झाली, तर या तुकड्यांची सरमिसळ होते. दोन वाणांचे बी एकाच खळ्यावर पडले म्हणजे कोणते पोते कोणत्या वाणाचे हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. त्या मिसळीतून मनुष्यामनुष्यांत सहज पसरणारा वाण निघू नये, ही जगातील शास्त्रज्ञांची मोठी चिंता आहे. कोंबड्या, डुकरे व बदके एकत्र ठेवू नयेत, या सल्ल्याचे मर्म यातच आहे.

हे रोग आताच का वाढले?

मनुष्यांत नव्याने निघणाऱ्या साथीच्या रोगांपैकी चारांतील तीन प्राण्यांपासून आलेले असतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्राणी आणि माणूस हजारो वर्षे एकत्र नांदत आहेत. मग आताच हे का, असा प्रश्न कोणीही विचारील.

पहिले कारण जंगलाची तोड. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली व पाठोपाठ अरण्यात जाणारी माणसे तापाने पडली. हा माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो. २०१६ च्या सुमारास तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग व बांदा भागात काजूच्या बागांत काम करणाऱ्या लोकांस जडला. ज्या रानात पूर्वी माणूस क्वचित जाई, तेथे बाग झाली, गुरे चरू लागली, आणि रानातील गोचीड माणसाच्या पायास लागली.

दुसरे कारण जनावरांची व मालाची दूरवरची ने-आण. पूर्वी एका गावाचा रोग बैलगाडीच्या वेगाने पुढे जाई; आता तो ट्रकच्या व विमानाच्या वेगाने जातो. तिसरे कारण एकाच छपराखाली सहस्रावधी एकाच वाणाच्या पक्ष्यांची दाटी. एका पक्ष्यास बाधला तो विषाणू सर्वांस बाधतो, कारण सर्वांचा पिंड एकच. कपाशीच्या शेतात एकच वाण सर्वत्र असला म्हणजे कीड कशी फोफावते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. चौथे कारण हवामानातील पालट. उष्मा व अवेळी पाऊस यांमुळे डास, माश्या व गोचिडी यांचा हंगाम लांबतो.

याचा अर्थ रानातील प्राणी मारावे असा मुळीच नव्हे. २०२० साली महाबळेश्वर येथील गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या संस्थेस आढळल्या, तेव्हा वटवाघळे हाकलून लावण्याची भाषा कित्येकांच्या तोंडी आली. परंतु तीच वटवाघळे रात्रभर पिकांवरील किडे खातात आणि फळझाडांच्या बिया पसरवितात. त्यांस डिवचल्याने ती गावात शिरतात व धोका वाढतो. त्यांच्या वाटेस जाऊ नये आणि त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, एवढे पुरे.

लपविण्याचा तोटा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शेतकरी रोग लपवितो तो दुष्टपणाने नव्हे, भीतीने. त्याची भीती खोटी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजार बंद झाला म्हणजे भूर्दंड त्यालाच बसतो. पक्षी नष्ट केले म्हणजे कर्जाचा हप्ता त्याच्याच माथी राहतो. पण हिशेब पुरता मांडून पाहावा. बर्ड फ्लूमध्ये सरकारी आज्ञेने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांबद्दल मिळत नाही. म्हणजे जो उशिरा वर्दी देतो, त्याची भरपाई दिवसागणिक घटते. लंपीने जनावर दगावल्यास २०२२ साली राज्य सरकारने दुभत्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये साहाय्य ठरविले होते. बाजारभावाच्या मानाने ही रक्कम तोकडी होती, हे कोणीही शेतकरी सांगेल. ती वाढावी व वेळेवर हाती पडावी ही मागणी शेतकरी संघांनी लावून धरलीच पाहिजे. भरपाई पुरेशी व वेळेवर असणे हा दानधर्म नव्हे, तो रोगनिवारणाचाच एक भाग होय; कारण बोलल्याने बुडत नाही अशी खात्री वाटली तरच माणूस बोलतो.

शिवाय कायदाही आहे. २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय अधिनियमाने अनुसूचित रोगाची वर्दी देणे हे जनावराच्या मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा शेजारधर्म मोठा, असे आमच्या अनुभवाने आम्हांस शिकविले.

शेतकऱ्याने करावयाच्या गोष्टी

१. दररोज सकाळी प्रत्येक जनावर वैरण खाते की नाही, रवंथ करते की नाही, हे स्वतः पाहावे. रोगाची पहिली खूण बहुधा येथेच दिसते.

२. ताप, गाठी, तोंडास लाळ, एकाएकी दुधात घट अथवा पक्ष्यांची लागोपाठ मर दिसताच त्याच दिवशी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

३. आजारी जनावर दावणीवरून सोडून वेगळे बांधावे. त्याचे वैरणपाणी निराळे ठेवावे. निरोगी गुरांचे काम आधी करून आजाऱ्याकडे शेवटी जावे व नंतर साबणाने हातपाय धुवावे.

४. नवीन विकत आणलेले जनावर तीन-चार आठवडे जुन्या गुरांत मिसळू नये.

५. मेलेले जनावर नाल्यात किंवा उघड्यावर टाकू नये. विहिरीपासून दूर, किमान आठ फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत व ते कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत.

६. दूध उकळून प्यावे. मांस व अंडी पूर्ण शिजवून खावी.

७. लसीकरणाच्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या. जनावर निरोगी असताना दिलेली लसच खरी लस.

८. आजारी जनावराची सेवा करणाऱ्यास ताप आला किंवा डोळे आले, तर डॉक्टरास जनावराच्या आजाराची हकीकत आपण होऊन सांगावी. डॉक्टर गोठ्यात आलेला नसतो.

बुळकांडीचे उदाहरण

शेवटी निराश होण्याचे कारण नाही, हे सांगणे अवश्य आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस बुळकांडी या शब्दाने कापरे भरत असे. एका पंधरवड्यात गावची गावे बैलांवाचून होत आणि पेरणी राहून जाई. त्या रोगाशी झुंजण्यासाठीच १८८९ साली पुण्यास एक सरकारी प्रयोगशाळा उघडण्यात आली व १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने १९२७ साली शेळीच्या देहात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. तरीही रोग पुरता हटण्यास पुढे जवळजवळ सात दशके लागली. भारतातील शेवटचा उद्भव १९९५ साली तामिळनाडूत झाला आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

हे केवळ लसीने घडले नाही. शेवटच्या वर्षांत लस टोचण्याइतकेच महत्त्व गावोगाव जाऊन ‘तुमच्या गोठ्यात असे जनावर दिसले काय?’ असे विचारण्यास होते. आणि ज्या ज्या शेतकऱ्याने त्यास खरे उत्तर दिले, त्याचा त्या विजयात वाटा आहे. त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

पुढचा नवा विषाणू कोणता, कोठून येईल, हे आज कोणास सांगता येणार नाही. परंतु तो आला म्हणजे कोणाच्या तरी दावणीवर एक जनावर वैरणीस तोंड लावणार नाही, आणि ते प्रथम पाहणारा आपल्यापैकीच एक असेल. त्या सकाळी त्याने आमच्यासारखे चार दिवस घालवू नयेत. शेजाऱ्यास हाक मारावी, दवाखान्यास वर्दी द्यावी आणि मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा.